पाटलाचा हात आन् उस्तादांची थाप

मला राग फार लवकर येतो, हे आधीच सांगून टाकते, म्हंजे पुढं कुणी म्हणायला नको की बाई स्वतःला गरीब गाय दाखवून राह्यली. तमाशाच्या फडात एकोणीस वर्षं काढली, त्यातली अर्धी भांडणं मीच लावली असतील. धावड्याकडच्या एका गावात एका मिशावाल्या बाप्यानं फुकटात बघायला म्हणून आमची कनात ब्लेडनं फाडली आन् त्या फटीतून डोकं आत घातलं. मी तिथंच पायात चाळ बांधत होते. हाताशी खुंट्या ठोकायचा लाकडी मोगरा पडला होता, तोच घातला टाळक्यात. रक्ताची धार लागली. त्याचे भाऊबंद काठ्या घेऊन आले, आमच्या एका गड्याचा हात मोडला आन् ट्रकची काच गेली. फडाच्या मालकीणबाईनं मला सगळ्यांसमोर शिव्या घातल्या आन् मंग आत नेऊन चहा पाजला.

मारामारी आम्हाला नवी नव्हती, एवढंच सांगायचंय. दसऱ्याला ट्रक निघायचा तो पार उन्हाळा संपेपर्यंत, आज ह्या जत्रेत तर उद्या त्या जत्रेत. कुठं गाणं पसंत पडलं न्हाई म्हणून ढेकळं यायची, कुठं पुढच्या रांगेतला कुणी पोरीचा पाय धरायचा, कुठं गावातल्याच दोन पार्ट्यांचं जुनं भांडण नेमकं आमच्या कनातीत उकरून निघायचं. आमच्या आमच्यातबी कमी नव्हतं. चपातीवरून, आंघोळीच्या पाण्यावरून, ट्रकमध्ये पुढं कोण बसणार त्याच्यावरून डोकी फुटायची. पण एकदा का स्टेजवर चढलं की कुणी कुणाला खरा हात लावायचा न्हाई, हा फडाचा नेम होता. तो मोडलेला मी कधी बघितला नव्हता.

गाणी-बतावणी झाली की वग लागायचा, म्हंजे आमचं नाटक. त्यात मी गरिबाची सून आन् समोर गावचा पाटील. पाटलाचं काम करणारा माणूस अकरा वर्षं तेच करत आल्ता, म्हणून सगळे त्याला पाटीलच म्हणायचे. खरं तर तो धनगराच्या घरातला, त्याचे भाऊ अजून मेंढरं घेऊन फिरत होते. वगाच्या मध्याला पाटील मला भर चावडीत तीन चपराकी मारायचा. त्याचा हात माझ्या कानापासून चार बोटं अलीकडं थांबायचा, मी मान झटक्यानं फिरवायची आन् त्याच टायमाला बाजूला बसलेला ढोलकीवाला सणसणीत थाप द्यायचा. हात, मान आन् थाप बराबर जुळली की समोरच्या बाया तोंडाला पदर लावायच्या. अकरा वर्षांत पाटलाचं नखसुद्धा मला लागलं नव्हतं.

ती थाप उस्तादांची. जुन्या जालन्याचे, घरात उर्दू बोलणारे, सत्तरीला टेकलेले. मी चौदा वर्षांची फडात आले तेव्हा त्यांनीच मला ताल शिकवला. ताल चुकला की नडगीवर छडी बसायची. मी मनातल्या मनात लई शिव्या द्यायची त्यांना. पण माझ्या बापानं मला कधी जेवली का म्हणून विचारलं न्हाई, ते उस्तादांनी रोज विचारलं. त्या माणसासाठी मी कुणाच्याबी अंगावर धावून गेले असते आन् गेलेबी.

तीन सालामागं, थंडीच्या दिवसात, भोकरदनकडच्या एका गावात हजेरी होती. हजेरी म्हंजे रातचा खेळ झाला की दुसऱ्या दिवशी सकाळी देवळापुढं, उन्हात, कनात न लावता, सगळ्या गावासाठी फुकट करायचा तमाशा. पाटलानं हात उचलला, मी मान फिरवली, आन् आवाज आलाच न्हाई. मी मान फिरवून उभी आन् मंग मागून थाप पडली. लोक हसले. दुसऱ्या चपराकीला तेच. तिसरीला कुणीतरी ओरडलं की पाटील, आवाज मागून एसटीनं येऊन राह्यला का. चावडीत सून मार खात असताना माणसं हसली की वग मेला. शिट्ट्या सुरू झाल्या, एक चप्पल आली, मंग ढेकळं. त्यातलं एक उस्तादांच्या कपाळाला लागलं. त्यांनी वाजवणं थांबवलं न्हाई, रक्त डोळ्यात उतरलं तरी वाजवत राह्यले.

मालकीणबाई त्यांना काही बोलली न्हाई. आम्हा सगळ्यांना गोळा करून तिनं सांगितलं की अजून एकदा असं झालं तर नव्या जालन्यातल्या लग्नाच्या बँडमधला पॅडवाला ती बोलवणार, एका फोनचं काम आहे. त्या पॅडवर बोट टेकवलं की चपराक, बंदूक, ढगाचा गडगडाट, पाहिजे तो आवाज निघतो म्हणे. उस्ताद मान खाली घालून ऐकत होते. नंतर मी बघितलं तर ट्रकच्या सावलीला बसून गरम पाण्यात बोटं बुडवून राह्यले होते. शुगरनं बोटं बधिर झाली होती.

"बेटी, बोटात जीवच न्हाई राह्यला," ते म्हणाले. "पण मला घरी बसवलं तर मी दोन महिन्यात खलास."

मला वाटलं, आता ह्या माणसाचा जीव माझ्या हातात आहे. आन् मला जे सुचलं ते आमच्यासारख्या येड्यांनाच सुचू शकतं. मी पाटलाला बाजूला नेलं आन् सांगितलं की उद्यापासून खरी मार. खऱ्या चपराकीचा आवाज जिथल्या तिथं येणार. उस्तादांची थाप मागून पडली तरी ती त्याच्यात बुडून जाणार, कुणाला कळणार न्हाई. पाटील म्हणाला, बाईमाणसावर हात उचलायचा न्हाई मला, स्टेजवर तर बिलकुल न्हाई, नेम आहे. मी गोड बोलून बघितलं. मंग मी त्याच्या मेंढरांवर गेले, त्याच्या मिशीवर गेले, त्याच्या आईवर गेले. तेव्हा कुठं त्याचं डोकं फिरलं.

पहिली बसली तेव्हा डोळ्यापुढं काजवे चमकले. कान सुन्न झाला, जीभ दाताखाली आली, तोंडात रक्ताची चव. पण समोरचा मांडव एकदम गप्प. खोट्या माराला बाया पदर लावायच्या, खऱ्या माराला बाप्यांच्याबी तोंडचं पाणी पळालं. दुसरीला एक म्हातारी उठून पाटलाला शिव्या द्यायला लागली. उस्तादांची थाप कधी पडली ते मलासुद्धा ऐकू आलं न्हाई. खेळ झाल्यावर पाटील माझ्या पाया पडला आन् ट्रकमागं जाऊन ओकला. मी मात्र खुश होते. गाल भाकरीसारखा फुगला होता आन् मी हसून राह्यले होते.

ते तेवढ्यावर थांबलं असतं तर काय हवं होतं. पण कुणीतरी मोबाईलवर ती चपराक काढली आन् गावोगाव फिरवली. पुढच्या जत्रेत पोरं विचारत आली, खरी मारतात तो फड हाच का. तीर्थपुरीच्या बाजारात भाजी घेताना एका बाईनं माझी हनुवटी धरून गाल वळवून बघितला, वळ खरा हाय का म्हणून. माणसं वाढली. मालकीणबाईनं तीन चपराकींच्या पाच केल्या. हे उस्तादांसाठी चाललंय हे तिला कळलं होतं का, मला म्हायती न्हाई. तिनं विचारलं न्हाई आन् मी सांगितलं न्हाई. पॅडवाल्याचं नाव मात्र कुणी काढेना, आन् मला तेवढंच पाहिजे होतं.

पाटलाचं पाया पडणं आठ-दहा दिवसात बंद झालं. त्याचा हात जड होत गेला. टाळ्या पडायच्या ना त्याला. आधी तो मारून डोळे मिटायचा, नंतर उघडे ठेवायला लागला. एकदा त्यानं माझे केस धरून मला फळ्यांवर आपटलं, हे तर ठरलंबी नव्हतं. खाली उतरल्यावर मी पायातले चाळ सोडले आन् तोंडावर हाणले त्याच्या. ओठ फाटला. त्यानं माझा गळा धरला, गड्यांनी सोडवलं. तो धापा टाकत म्हणाला, तूच सांगितलं होतं. खरंच मीच सांगितलं होतं. नंतर तर जेवताना मीठ जास्त झालं तरी त्याचा हात उठायला लागला, माझ्यावरच न्हाई, सगळ्यांवर. माणूस चांगला होता तो. त्याला मी बिघडवला, हे आज कबूल करते.

रोज खेळाआधी मी उस्तादांकडं बघायची. ते ढोलकीची दोरी ओढत बसलेले असायचे, चेहऱ्यावर सुख. ते बघितलं की मला वाटायचं, खाऊ अजून पाच.

पाडव्याच्या पुढं घनसावंगीकडं एका गावात सकाळची हजेरी होती. ऊन असं की फळ्यांवर पाय टेकवत नव्हता. पाटलानं चौथी मारली आन् माझ्या डाव्या कानात कापड फाटल्यासारखं झालं. मंग शिट्टी, लांबच लांब, थांबायला तयार न्हाई. कानातून गरम काहीतरी मानेवर आलं. समोरचे लोक टाळ्या वाजवायला लागले. त्यांना वाटलं रंग आहे, मालकीणबाईनं नवीन काढलं असंल. पाचवी बसली ती मला फक्त दिसली.

त्याच्यानंतर माझं गाणं होतं. सुनेचं रडगाणं, वर्षानुवर्षं म्हणत आलेलं. मी तोंड उघडलं आन् सूर कुठं लागला मलाच कळेना. एका बाजूनं शिट्टी, दुसऱ्या बाजूनं कुठूनतरी विहिरीतून आल्यासारखी पेटी. मी सूर शोधत होते आन् लोक हसायला लागले. मंग शिट्ट्या, मंग दगड. एक दगड पेटीवाल्याच्या गुडघ्यावर बसला. चार जण वर चढले आन् त्यांनी माझा पदर ओढला. पाटील लाकडी तलवार घेऊन त्यांच्यावर तुटून पडला. एकाच्या तोंडावर इतक्यांदा मारलं की तलवारीचे दोन तुकडे झाले, तरी मुठीनं मारतच होता. मी एकाच्या हाताचा लचका तोडला. आम्ही जीव मुठीत घेऊन ट्रकमध्ये चढलो, अर्धं सामान तिथंच राह्यलं.

दोन गावं सोडून एका मोसंबीच्या बागेपाशी ट्रक थांबवला. उस्ताद स्वतःचा रुमाल ओला करून माझा कान पुसायला लागले. कानाचा पडदा फाटला हे डॉक्टरनं नंतर सांगितलं, पण गाणाऱ्या बाईला ते सांगावं लागत न्हाई. मालकीणबाई जरा बाजूला जाऊन फोन लावत होती. परत दगड पडले होते, म्हंजे पॅडवाल्यालाच लावून राह्यली हे मला न ऐकताच कळलं. मी उठून तिच्या अंगावर धावले. म्हणलं, चूक माझी झाली, बेसूर मी झाले, उस्तादांची थाप बराबर होती, सगळ्या गावाला इचारा.

उस्ताद म्हणाले, "लावू द्या बाईंना फोन." मंग माझ्या चांगल्या कानाच्या बाजूला आले आन् हळूच बोलले. "बेटी, मला पहिल्याच दिवशी कळल्तं. चमड्याचा आवाज कोणता आन् गालाचा कोणता, एवढं कळायला कान हायेत मला."

मी हिशेब लावला. थंडीपासून पाडव्यापर्यंत. तीन, मंग पाच. रोज.

"मंग बोलले का न्हाई?"

"मला वाजवायचं होतं," ते म्हणाले.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी त्या सत्तरीच्या म्हाताऱ्याच्या, मला रोज जेवली का विचारणाऱ्या माणसाच्या कानफटात मारली, सगळ्या फडासमोर, अंगात होता नव्हता तेवढा जोर लावून. पाटीलसुद्धा उठून उभा राह्यला. उस्तादांनी मान वळवली न्हाई, हात आडवा केला न्हाई, डोळ्यातून पाणी येत होतं तरी माझ्याकडंच बघत होते. आन् तसं बघता बघता मला कळलं, की त्यांच्या जागी मी असते, माझा गळा चालला असता आन् दुसरं कुणी मार खाऊन तो वाचवत असतं, तर मीबी गप्पच बसले असते आन् गातच राह्यले असते. म्हणून मी दुसरी मारली.