आधी पायलट, मग मामीजी

माझ्या मामेसासऱ्यांइतका भित्रा माणूस उभ्या छत्तीसगडात दुसरा झाला नसेल, आणि तरीही त्यांनी अख्खी नोकरी मालगाडीच्या सगळ्यात शेवटच्या डब्यात, एकट्याने, जंगलातून जाण्यात काढली, हे कोडं मला बरीच वर्षं उलगडलं नव्हतं. ते रेल्वेत गार्ड होते. राजहऱ्याच्या खाणीतून भिलाईला येणाऱ्या कच्च्या लोखंडाच्या मालगाडीमागे लाल आणि हिरवी अशा दोन झेंड्या घेऊन बसत, आणि सुट्टी असली की दुर्गच्या क्वार्टरमधून मामीजींना घेऊन सेक्टर दोनमध्ये आमच्याकडे येत. आमचे हे कारखान्यात फिटर. त्या वर्षांत भिलाईला रोज काहीतरी नवं उभं राहत होतं. आम्हाला त्याचा अभिमान वाटायचा. मामाजींना ते कोणत्या बाजूने पडेल याची काळजी. आमच्या अंगणात खाट टाकली की ते आधी दूरच्या चिमणीकडे डोळे बारीक करून बघत आणि यांना विचारत, "बापू, हे चिमणी पडली त कोनीकडं पडन?" चिमणी तिथून मैलभर लांब होती. तरी खाट भिंतीआड ओढली जायची. घरात छताच्या पंख्याखाली ते कधी बसले नाहीत, मामीजींनाही बसू दिलं नाही. कारखान्याचा भोंगा वाजला की हातातला कप खाली ठेवायचे आणि तो थांबेपर्यंत चहाला तोंड लावायचे नाहीत. लग्न होऊन आले तेव्हा मला या सगळ्याचं हसू येई. पण भीती ही खरजेसारखी असते. वर्षभरात मीही पोळ्या लाटता लाटता पंख्याच्या दांडीकडे बघू लागले.

मामीजींना या जन्मात एकच गोष्ट हवी होती. लग्नात मामाजींनी त्यांना कबूल केलं होतं, "मले पास भेटते, तुले पुरीचा समुद्र दाखवतो, कोणार्कचं देऊळ दाखवतो." भंडाऱ्याकडची बाई, गावच्या तळ्यापलीकडे मोठं पाणी पाहिलेलं नाही. मुलं मोठी झाली, गुडघे धरू लागले, पण दरवर्षी रेल्वेच्या फुकट पासावर दोघांचं नाव चढायचं आणि प्रवास मात्र घडायचा नाही. "औंदा जाऊ," मामाजी म्हणत, "पन पयले नीट पाहून घेऊ." ते पाहून घेणं कसं, हे एकदा एका बड्या पाहुण्याने ठरवून टाकलं. हा पाहुणा कारखाना पाहायला खास गाडीने येणार होता, आणि रस्ता ठीक आहे ना हे बघायला त्या गाडीपुढे एक रिकामं इंजिन धाडलं होतं. रेल्वेत त्याला पायलट म्हणतात. मामाजी त्या रात्री आमच्याकडे जेवताना भारावून सांगत होते, "समजा रूळ उखडला असन त पायलट पडन, मांगचा मानूस सलामत! याले म्हन्तात यवस्था." दुसऱ्याच महिन्यात ते मामीजींचे पायलट होऊन एकटेच पुरीला निघाले.

परत आले तो चेहरा उतरलेला. समुद्राकाठचं लॉज त्यांनी बाद केलं होतं, कारण तिथे समुद्र फार जवळ होता. "हे खिडकी, आन् हा समुद्र. मधात काईच नाई, सूनबाई! आन् तो चूप बसतच नाई." पुढच्या वर्षी दुसरं पायलट गेलं. यावेळी देवळाजवळचं, माडीवरचं हॉटेल. जिना उभा, कठडा नाही, वर माकडं. शिवाय आग लागली तर माणसं किती लवकर बाहेर पडतात हे बघायला मामाजींनी भर दुपारी "आग! आग!" असा ओरडा केला. एक आचारी तेवढा पदराआडून डोकावावं तसा दाराआडून डोकावला आणि विचारता झाला, "चहा आणू?" तिसऱ्या वर्षी धर्मशाळा. तिथे विहीर होती, विहिरीला कठडा होता, जिन्याला कठडा होता, खोली खाली होती. "मंग ठरलं?" मामीजींनी विचारलं. मामाजी कितीतरी वेळ मिशी ओढत राहिले आणि म्हणाले, "मॅनेजर लई गोड बोलते. कावून बोलते येवढा गोड?" कोणार्कचं तर त्यांनी नावच टाकलं. देवळाभोवती त्यांनी लांबून, शेताच्या बांधावरून फेरी मारली होती. एवढाले दगड एकावर एक रचलेले, आणि खाली जुन्या लोखंडाच्या तुळया पडलेल्या. "लोखंड पडलं तिथं!" ते यांच्याकडे बघून दबक्या आवाजात म्हणाले. त्या रात्री आमचे हे नीट जेवले नाहीत.

चौथ्या पायलटची तयारी सुरू झाली तेव्हा मामीजींनी पानात पोळी वाढली आणि अगदी शांतपणे सांगितलं, "औंदा पायलट मीच हावो. सूनबाई येईन माह्या संगं. तुमी मांगून या." मामाजींच्या हातातला घास तसाच राहिला. मांगून येणं अर्थातच त्यांना जमण्यासारखं नव्हतं. तिघंही एकाच गाडीने निघालो. समोरून धडक बसली तर पुढचे जातात, मागून बसली तर मागचे, म्हणून मधला डबा. त्यातही पूल आला की मामाजी आम्हा दोघींना उठून उभं राहायला लावत. उभं राहून काय होणार होतं ते त्यांनी सांगितलं नाही आणि मलाही विचारण्याची हिंमत झाली नाही. धर्मशाळेचा मॅनेजर खरोखरच फार गोड बोलला. मी पैशांची पुरचुंडी उशाखाली घेऊन निजले.

सकाळी समुद्रावर गेलो. खोटं कशाला सांगू, मला धडकीच भरली. मामाजींनी तीन वर्षं सांगितलं होतं त्याहून तो मोठा होता. मामीजी मात्र चपला काढून सरळ चालत गेल्या, आणि पाण्याच्या काठाशी येऊन थांबल्या. मागे वळून मामाजींकडे बघू लागल्या. मामाजींनी पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या झेंड्या काढल्या होत्या आणि लाल झेंडी दोन्ही हातांनी उघडून धरली होती. जाळी ओढणारे कोळी ओढायचे थांबले. मी धावत मामीजींकडे गेले, म्हटलं, "मामीजी, चला ना, घोट्याएवढंच तर पाणी आहे." त्या हसल्या. "त्याईची झेंडी झाल्याबिगर कशी जाऊ? मी पान्यात आन् त्याईचा जीव इथं वाळूत. असा समुद्र नाई पायजे मले."

मी परत मामाजींकडे आले. "मामाजी, तुम्ही तर तीनदा आलात एकटे. तेव्हा नाही वाटली भीती?"

"माह्या जिवाचं कायचं भेव, सूनबाई?" ते मामीजींवरची नजर न काढता म्हणाले. "दिवसभर त्या डब्यात मी एका मान्साशी बोलत नाई. घरी येतो, हिच्याशी बोलतो, तेवढंच. हिले काई झालं त मी कोनाशी बोलू?"

किती लाटा आल्या आणि गेल्या. मग लाल झेंडी हळूच खाली आली आणि हिरवी वर गेली. मामीजींनी लुगडं खोचलं आणि पाण्यात पाऊल टाकलं. त्यांच्यामागोमाग, बुटांसकट, विजारीसकट, एका हातात हिरवी झेंडी आणि दुसऱ्यात मामीजींचा पदर धरून मामाजीही शिरले. "गार्डचा डब्बा मांगंच रायते," त्यांनी मला ओरडून सांगितलं. मोठी लाट आली, दोघं कमरेपर्यंत भिजले. मामीजी लहान पोरीसारख्या खदखदून हसत होत्या. मामाजींनी डोळे गच्च मिटले होते, पण झेंडी वरच होती.

मामाजी जाऊन आता बरीच वर्षं झाली. ज्या चिमणीची त्यांनी जन्मभर धास्ती घेतली ती अजून उभी आहे, आणि पंखाही फिरतो आहे. ते गेले ते स्वतःच्या खाटेवर, दुपारच्या झोपेत. त्या वाटेवरही ते मामीजींच्या आधी पायलट होऊन गेले. मुलं दूर नोकरीला, म्हणून मामीजी आता आमच्याकडे असतात. भाजीला निघाल्या की फाटकाशी थांबतात आणि मागे वळून बघतात. सवय आहे, दुसरं काय. मी ओट्यावरून हात वर करते, तेव्हाच त्या पाऊल उचलतात. आणि त्या परत दिसेपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नसतो.