गाळलेली शहरं

वाडीचा शेवटचा तुकडा विकल्याचे कागद झाले आणि पुढच्याच रविवारी, चर्चमधल्या मिस्साहून आल्यावर, दादाने जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडला. "इटलीला जाऊ या," तो म्हणाला. "आपण चौघंच. आई-पप्पांचं रोम बघायचं राहून गेलंय."

आईने मान हलवली. पप्पा चहा पीत होते, ते पीत राहिले. मी बरं म्हटलं. आमच्या घरात पडद्याच्या रंगावरून अबोला धरला जातो. इटली मात्र चहा निवायच्या आत ठरली.

वाडी घराच्या मागेच होती. केळी, थोडी पानवेल आणि कडेला बावखल, पावसाचं पाणी धरून ठेवणारं आमचं लहानसं तळं. पप्पांची पाठ गेली होती. दादा बँकेत, मी शाळेत शिकवते. पाणी कोण देणार, खत कोण घालणार? विकताना कुणी भांडलं नाही, कुणी रडलंही नाही. दात काढायच्या आधी इंजेक्शन दिल्यावर गालाला हात लावला तर तो दुसऱ्याचा लागतो, तसं माझं चाललं होतं. वर्गात शिकवत होते, वह्या तपासत होते, आणि रविवारी दादाबरोबर इटली आखत होते.

त्या दिवसांत मागे जेसीबी चालायचा. बावखल मातीने बुजवत होते. आवाज वाढला की दादा आणखी एक शहर सुचवायचा. रोम आणि संत फ्रान्सिसचं असिसी तर होतीच. त्यात फ्लॉरेन्स आलं, मग पिसा, व्हेनिस, मिलान. आईसाठी संत अँथनीचं पादुआ. मी लिहून घ्यायचे. कुणी नको म्हणत नव्हतं, त्यामुळे सगळंच आत येत होतं. शेवटी वाचून पाहिलं तर जवळजवळ रोज पहाटे उठायचं, हॉटेल सोडायचं, गाडी पकडायची, दुपारी काहीतरी बघायचं आणि रात्री नव्या गावात झोपायचं, असं झालं होतं.

मी ते मोठ्याने वाचून दाखवलं. आई म्हणाली, "माझ्या गुडघ्यांना विचारलंत का?"

"व्हीलचेअर मिळते विमानतळावर," दादा म्हणाला.

"विमानतळावर मिळेल रे. पुढे?"

मी पप्पांना विचारलं, "तुम्हाला काय बघायचंय?"

"न्याल तिथे येईन," ते म्हणाले. मग म्हणाले, "फक्त रोज बॅग भरायला लावू नका. आत्ताच वाडीतलं सगळं हलवून झालंय."

वाडीतलं सामान, फवारणीचा पंप, कोयते, दोर, त्यांनी एकट्यानेच उचलून कुणाकुणाला देऊन टाकलं होतं. ते आम्हाला आत्ता कळलं.

दादाचा चेहरा पडला. "परत कधी जाणार आहोत आपण?"

"नाही जाणार," मी म्हटलं. "म्हणूनच कमी करू."

मिलान आणि पिसा यादीतून लगेच गेली. व्हेनिसवर दादा अडला, मग स्वतःच नको म्हणाला. फ्लॉरेन्स मी काढलं. मला जायचं होतं तिथे, पण काढताना हात थांबला नाही. पादुआ मात्र कुणी काढेना. आईनेच सांगितलं, "काढ. संत अँथनीला इथूनही ऐकू जातं." उरलं रोम आणि असिसी. असिसीत एक अख्खा दिवस कोराच राहिला. दादाने त्यात काहीतरी बसवायचा दोनदा प्रयत्न केला, पण मी बसवू दिलं नाही.

गेलो. रोममध्ये गर्दी होती, मोठ्या चर्चमध्ये आईने रोझरीची प्रार्थना म्हटली, पप्पांनी मान वर करून घुमट पाहिला आणि मान दुखते म्हणाले. सगळं फोटोंत आहे. मला आठवतं ते असं, बाहेरून बघितल्यासारखं.

असिसीच्या कोऱ्या दिवशी पप्पा सकाळी फिरून आले. गावाखाली ऑलिव्हची झाडं होती. "चांगली ठेवलीत," एवढंच म्हणाले आणि जेवून झोपले. घरी ते दुपारी कधी झोपत नसत. दादा करमेना म्हणून आणखी एक चर्च बघायला गेला. मी आणि आई चौकात, कारंज्याजवळच्या पायऱ्यांवर बसलो. करायला काही नव्हतं. कबुतरं होती. एक बाई दुकानापुढचा दगड पाणी टाकून धूत होती.

तिच्याकडे बघता बघता आई म्हणाली, "आपण वाडी विकायला नको होती का गं?"

इतक्या महिन्यांत हे कुणी बोललं नव्हतं. मी म्हटलं, "माहीत नाही गं."

"मलाही नाही," ती म्हणाली. तिने चष्मा काढला, पदराने पुसला, परत घातला. मी गालाला हात लावला तर तो ओला लागला, आणि त्याचं मला नवल वाटलं.

समोरून दादा येताना दिसला. दोन्ही हातांत आइस्क्रीम, वितळत आलेलं, त्यामुळे तो भरभर चालत होता. आई बाजूला सरकली आणि त्याला बसायला जागा करून दिली.