विहीणबाईंची गाडी डावीकडे ओढते

मोटारीच्या टायरसाठी घुशीचा पिंजरा लावणारी बाई अख्ख्या डोंबिवलीत एकच झाली, आणि ती मी. आणि तोच पिंजरा गाडीखाली अडकून खणखणत असताना, लोक आपल्याकडे कौतुकाने बघताहेत अशा समजुतीने त्यांना हात हलवत चौकापर्यंत जाणारी बाई अख्ख्या जगात एकच असेल, आणि ती माझी विहीण.

त्याचं झालं असं. विहीणबाईंच्या गल्लीत रस्ता खणला होता, म्हणून त्यांची गाडी काही दिवस आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये उभी असे. एका संध्याकाळी त्यांचा फोन आला, "मास्तरीनबाय, माझे टायर आतून खाल्ले गं. पंक्चरवाल्यानं दाखवलं. पार तारा दिसायला लागल्या!" आता टायर एका कडेने झिजला की गाडीवाले त्याला 'खाल्ला' म्हणतात, हे मला कुठून ठाऊक असणार? जन्मभर मी पोरांच्या वह्यांतल्या वाक्यांना कर्ता शोधून दिला. इथे क्रियापद मिळालं, कर्ता मिळेना. त्यात मी सोसायटीच्या कमिटीवर, आणि त्याच महिन्यात घुशींनी मीटरच्या खोलीतल्या वायरी कुरतडलेल्या. मग कर्ता लगेच सापडला. मी पिंजरा आणवला, आत गरम कांदाभजी ठेवली आणि तो गाडीखाली सरकवायला गेले. सरकेना. गाडी जमिनीला इतकी चिकटलेली की पिंजऱ्यालाच काय, घुशीलाही पोट आत घेऊन जावं लागलं असतं. मी हार मानणाऱ्यांतली नव्हे. पायाने ढकलून ढकलून तो आत बसवला. सकाळी विहीणबाई आल्या आणि खाली न बघता गाडी काढून निघाल्या. पुढचं सांगितलंच. नंतर मी विचारलं, "अहो, एवढा आवाज ऐकू आला नाही?" तर म्हणाल्या, "आला ना. मना वाटलं सायलेन्सर पडला. म्हनलं पडू दे, लोक हसून बघतात तर कशाला थांबा."

या बाई म्हणजे माझ्या मुलीच्या सासूबाई. डोंबिवलीला स्टेशन आलं त्याच्याही आधीपासून पश्चिमेला त्यांच्या सासरच्यांची भातशेती. आता तिथे टॉवर आहेत. यजमान गेल्यावर लोक देवदेव करू लागतात, या बाईंनी ड्रायव्हिंग स्कूल लावलं. मग जुनी जांभळी सेडान गाडी घेतली आणि कोपरच्या एका गॅरेजवाल्याकडून ती खाली बसवून घेतली. म्हणजे आतल्या स्प्रिंगा आखूड करून गाडी जमिनीलगत आणायची. हा विशीतल्या मुलांचा शौक. साठी ओलांडलेल्या, नऊवारीतल्या बाईने तो का करावा, याचं उत्तर त्या माणूस बघून देत. मला सांगितलं, गुडघे दुखतात. लेकाला सांगितलं, पेट्रोल कमी लागतं. शेजारणीला सांगितलं, फॅशन हाय. पंक्चरवाल्याला सांगितलं, अशीच आली कंपनीतून. खरं कारण एकच होतं असं मला वाटतं: चौकात असली एक गाडी बघितली आणि बाई भाळल्या. पण हे कबूल करतील तर त्या विहीणबाई कसल्या.

मी त्यांना पहिल्यांदा भेटले ती लग्नाच्या बैठकीत. तेव्हाची मी म्हणजे भूमिती शिकवणारी, कानाच्या पाळीपर्यंत इस्त्री केलेली बाई. दुसऱ्याच्या घरी गेले तरी भिंतीवरची तसबीर जरा कलंडलेली दिसली की हात शिवशिवत. त्यांच्या घरीही उठले आणि त्यांच्या सासऱ्यांचा फोटो सरळ केला. विहीणबाई मांडी ठोकून पुरुषांत बसल्या होत्या. तिथूनच ओरडल्या, "ऱ्हाऊ दे गं बाय! म्हातारा जनमभर तिरकाच बघायचा, सरल केला तर वलखनार कोन?" सगळी बैठक हसली. मी घरी येऊन लेकीला सांगितलं, "माणसं लाख मोलाची आहेत, पण घराला वळण नाही." असं वाक्य मी त्या काळी अगदी तोंड भरून म्हणत असे. लेकीने लग्न केलंच, आणि वर्षभरातच मला विहीणबाईंकडच्या सुक्या बोंबलाच्या चटणीची सवय लागली. पण ती गोष्ट आमच्या नातेवाइकांना माहीत नाही. त्यांच्यापैकी कुणी हे वाचत असेल तर त्याने हा भाग सोडून द्यावा.

त्यांच्या गाडीत बसणं हा एक संस्कारच आहे. बसायचं म्हणजे आधी खाली वाकायचं, मग देवळात पाया पडावं तसं डोकं आत न्यायचं आणि बाकीचा देह मागून आणायचा. बसल्यावर रिक्षाचं चाक आपल्या डोळ्यांच्या पातळीला येतं आणि रस्त्यावरची कुत्री आपल्याशी समपातळीवर बोलू लागतात. गतिरोधक आला की विहीणबाई गाडी आडवी करतात, आणि एकेक चाक मांजराच्या पावलांनी त्यावरून नेतात. मागे हॉर्नचा कल्लोळ होतो, त्या आरशात बघून म्हणतात, "दम धर रे भावा, बालंतीन हाय ती." गतिरोधक मोठा असेल तर माणसं उतरवायची. पहिल्यांदा त्या मला "उतर" म्हणाल्या तेव्हा मला वाटलं, माझं काही बोलणं झोंबलं. तर नाही. मी पर्स घेऊन उतरायचं, गतिरोधक पायी ओलांडायचा, पलीकडे गाडी येईपर्यंत थांबायचं आणि परत बसायचं. बसस्टॉपवर एकदा माझा जुना विद्यार्थी भेटला. "बाई, गाडी बंद पडली का?" म्हणाला. मी म्हटलं, "नाही रे, आमची गाडी वजनाला हळवी आहे."

आणि ती डावीकडे ओढे. स्टिअरिंग जरा सैल सोडलं की गाडी आपली डावीकडे निघाली. याचाही दोष माझ्यावर आला, कारण डावीकडे नेहमी मीच बसते. "तुझ्या वजनानं ओढते बाय," असं त्या चारचौघांत म्हणत. अपमान सहन होईना, म्हणून मी एक दिवस हट्टाने मागे उजवीकडे बसले. गाडी तरी डावीकडेच. विहीणबाई म्हणाल्या, "सवय लागली तिला तुझी." त्यांच्या घराकडे जाताना डाव्या हाताला एका टॉवरचं मोठं फाटक लागतं. पूर्वी तिथे त्यांचं शेत होतं. कितीदा तरी आम्ही घरी जाण्याऐवजी त्या फाटकात शिरलोय. वॉचमन उठून सलाम करायचा, मग त्या काच खाली करून म्हणायच्या, "चुकून आली रे, गाडीच ओढते, मी काय करू?" आणि आतल्या आत एक फेरी मारून बाहेर. मला वाटे, बाईंचं लक्ष नसतं. मनातल्या मनात गुण कापून मोकळी होई.

पण खरी अडचण टायरांची. नवे घातलेले टायर बघता बघता आतल्या कडेने गुळगुळीत होत. बाहेरून बघावं तर नक्षी शाबूत, आत हात घालावा तर टक्कल. जवळच्या गॅरेजात चाकं एका रेषेत आणणारी अलाइनमेंट करून झाली, पुढचे टायर मागे आणि मागचे पुढे घालून झाले. फरक शून्य. शेवटी आमचे जावई ठाण्याहून आले. जावई तसे शांत, पण त्या दिवशी टायरमधून तारा बाहेर आलेल्या बघून त्यांचा आवाज चढला. "आई, तुझं वय झालं. वळणावर फुटपाथला घासतेस, म्हणून हे होतं. आता नवे घालतो ते शेवटचे. पुन्हा खाल्ले तर चावी माझ्याकडे." विहीणबाई एरवी वाक्य खाली पडू देत नाहीत. त्या दिवशी त्यांनी पदराने गाडीचा आरसा पुसला, आणि पुसतच राहिल्या. चावी गेली म्हणजे काय गेलं, हे त्या आरशात मलाही दिसलं. गाडी नसली की ही बाई लेकाच्या सवडीची, रिक्षावाल्याच्या मर्जीची आणि खिडकीतल्या खुर्चीची. आणि माझ्या दारात मनाला येईल तेव्हा हॉर्न मारणारं कुणी उरणार नाही.

सांगायला लाज वाटते, पण मलाही जावयांचंच म्हणणं पटलं होतं. तपासणी करावी म्हणून मी पुढच्या आठवड्यात शेजारी बसून एकेक वळण मोजत गेले. बाईंनी फुटपाथला एकदाही गाडी घासली नाही. गाडी अशी हळू चालवत की एक कोथिंबीरवाला आमच्या बरोबरीने चालत भाव सांगत होता. मग एक मोठा गतिरोधक आला, मी नेहमीप्रमाणे उतरले आणि मागून येताना सहज गाडीकडे पाहिलं. मागची दोन चाकं सरळ उभी नव्हतीच. वरच्या बाजूने आत झुकलेली, खालून फाकलेली. मागच्या बाकावर चोरून गप्पा मारणारी दोन डोकी कशी एकमेकांकडे कलतात, अगदी तशी. एवढी वर्षं ती डोकी मी शेवटच्या बाकावरून उठवली, आणि काटकोन नसलेली ही चाकं गाडीतून उतरून-चढून मला एकदाही दिसली नव्हती. मी भर रस्त्यात ओरडले, "विहीणबाई, तुमची चाकं तिरकी आहेत!" त्या खिडकीतून ओरडल्या, "आणि तू?"

आम्ही कल्याण-शीळ रस्त्यावरच्या एका मोठ्या अलाइनमेंटवाल्याकडे गेलो. त्याने गाडी रॅम्पवर घेतली, चाकांना यंत्रं लावली आणि पडद्यावर आकडे उमटले, सगळे लाल. तो म्हणाला, "मावशी, गाडी खाली घेतली की चाकं वरून आत झुकतात. मग सगळा भार आतल्या कडेवर. आधीच्यांनी फक्त समोरची दिशा सरळ केली, झुकाव तसाच राहिला. त्यात पुढच्या डाव्या चाकाच्या सांध्यातलं रबरी बुशही झिजलंय, म्हणून तिकडे ओढते." मी विहीणबाईंकडे विजयाने बघितलं: माझं वजन निर्दोष सुटलं होतं. त्याने उपायही सांगितला. गाडी दोन बोटं वर घ्यायची, झुकाव दुरुस्त करणारे बोल्ट घालायचे, बुश बदलायचं आणि मग सगळं पुन्हा मापात आणायचं. "दोन बोटं?" विहीणबाईंनी एक बोट दाखवलं. तो नाही म्हणाला. त्यांनी शेजारच्या बोटाचं एक पेर वाढवून दाखवलं. भाजी घेतल्यासारखी बराच वेळ घासाघीस झाली आणि दीड बोटावर तोडगा निघाला. शेवटच्या मापाच्या वेळी तो म्हणाला, ड्रायव्हरने जागेवर बसून राहा. विहीणबाई म्हणाल्या, "मग हिला पन बसव डावीकडं. हिच्याशिवाय गाडी खरी नाय." अशा आम्ही दोघी रॅम्पवर, हवेत, हात मांडीवर ठेवून बसलो आणि खाली लाल आकडे एकेक करून हिरवे झाले.

पण गाडी खाली उतरवून देण्याआधी विहीणबाईंनी लेकाला फोन लावून तो अलाइनमेंटवाल्याच्या हातात दिला. "त्याला सांग. कोनाचा दोस ते सांग." त्या माणसाने सांगितलं, "साहेब, चालवण्यात काही चूक नव्हती. गाडी खाली घेतल्याने होतं हे." पलीकडून जावई म्हणाले, "बरं. चावी तिच्याकडेच राहू दे. आईला सांगा, सॉरी." विहीणबाईंना ते ऐकू आलं होतं, तरी त्यांनी ते त्याच्याकडून पुन्हा वदवून घेतलं.

परत येताना गाडी खरोखरच गुणी मुलीसारखी चालली. त्यांनी दोन्ही हात स्टिअरिंगवरून किंचित उचलून दाखवले, तरी रेषा मोडली नाही. मी आपली भूमितीच्या तासाला असल्यासारखी खुशीत. मध्ये ते टॉवरचं फाटक आलं. वॉचमन सवयीने अर्धा उठला. गाडी त्याच्यासमोरून सरळ पुढे निघून गेली आणि तो तसाच परत बसला. मी म्हटलं, "बघा विहीणबाई! शेवटी लागलं की नाही तुमच्या गाडीला वळण?"

त्यांनी आरशात मागे पडत चाललेलं फाटक बघून घेतलं. मग म्हणाल्या, "लागलं गं बाय. पन आधी हात सैल सोडला का आपली आपन शेताकडं वलायची."