सेन्सरवर आळ

स्टिअरिंगखाली स्कॅनर जोडून मेकॅनिकने पडद्यावरची एक ओळ वाचली आणि निकाल दिला, "ताई, ऑक्सिजन सेन्सर गेलाय. बदलून टाकू."

"अहो, तो सांगतोय की इंजिनात हवा जास्त जातेय. बॉनेटमधून सूं सूं आवाज येतोय, तो ऐका की आधी!"

"मशीन खोटं बोलतं का, ताई?"

मशीन नाही बोलत खोटं. तुम्ही अर्धंच वाचता! माझं डोकंच फिरलं. जो बिघाड सांगतो त्यालाच बिघडलेला ठरवायचं, ही खोड काय फक्त गॅरेजातली आहे? सासऱ्यांचं पिणं वाढलंय, असं मी घरात बोलले, तेव्हा सगळ्यांनी मलाच समजावलं, "तू फार मनाला लावून घेतेस." पिण्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही.

सेन्सर बदलला. डॅशबोर्डवरचा इंजिनाचा दिवा विझला. चौथ्या दिवशी तो पुन्हा लागला. खोक्यातून नुकताच निघालेला नवाकोरा सेन्सरही तीच तक्रार करत होता.

आमच्याकडे गेल्याच महिन्यात धाकटी जाऊ लग्न होऊन आलीय. काल भाजी निवडताना तिने हळूच विचारलं, "वहिनी, बाबा रोजच एवढं पितात?"