बिल्ला माझा, हात त्यांचा

"डबापण उघड," साहेब म्हणाले.

बॅग आधीच पालथी करून झाली होती. लोखंडी टेबलावर माझं सगळं पसरलेलं. वही, कंगवा, पाण्याची बाटली, ओढणीत गुंडाळून ठेवलेलं ते. हो, तेसुद्धा. शेडमधले सगळे पुरुष बघत होते. मी डबा उघडला. भाकरी आणि सुकट.

"अरे बापरे," साहेबांनी नाक दाबलं. "लावा झाकण. या वासानं विमान आपोआप उडेल."

सगळे हसले. मिहीरपण हसला. त्याची बॅग खुंटीवर तशीच लटकत होती. तिच्या चेनलाही कुणी हात लावला नव्हता.

मी विमान दुरुस्तीच्या कोर्सला होते. उन्हाळ्याच्या सुट्टीत इंटर्नशिप करायची, तिचं पत्र आणायचं, तरच पुढचं वर्ष. लोहगावला धावपट्टीच्या कडेला एका विमान कंपनीची शेड होती. तिथं आम्हा दोघांना घेतलं, मला आणि माझ्याच वर्गातल्या मिहीरला. साहेब म्हणजे तिथले शिफ्ट इंजिनिअर. पहिल्या दिवशी त्यांनी माझं आडनाव विचारलं. सांगितलं. "अच्छा," म्हणाले, "म्हणजे आपण सरकारच्या कृपेनं." मिहीरला विचारलं, बाबा काय करतात. मला विचारलंच नाही. आडनावातच त्यांना सगळं कळलं होतं. माझे बाबा खडकीच्या एका कारखान्यात झाडू मारतात. त्याची मला लाज नाही. तेव्हा थोडी होती, खोटं कशाला बोलू.

आता हत्यारांचं सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. शेडमध्ये एक मोठा फळा होता. त्यावर प्रत्येक हत्याराची काळी आकृती रंगवलेली. हत्यार काढलं की त्या जागी आपला पितळी बिल्ला टांगायचा. परत ठेवलं की बिल्ला काढून घ्यायचा. म्हणजे कुठलं हत्यार कुणाकडे, ते लांबूनही दिसतं. आणि हत्यार सापडत नसेल तर विमान जागचं हलायचं नाही. भिंतीवर लाल अक्षरात लिहिलेलंच होतं तसं. विमानात हत्यार राहिलं आणि चाकं आत घेताना मध्ये आलं, तर काय होईल ते सांगायला इंजिनिअर कशाला हवा?

पण साहेब कधी स्वतःचा बिल्ला टांगायचे नाहीत. "जा गं, पाना आण." "जा, टॉर्च आण." आणायची मी, बिल्ला माझा, वापरणार ते. मिहीरला कधी पाठवलं नाही. तो त्यांच्या शेजारी उभा राहून शिकायचा. मी हेलपाटे घालायचे.

त्या दिवशी त्यांनी आरसा मागवला. लांब दांड्याचा, टोकाला छोटा गोल, दातांच्या डॉक्टरकडे असतो तसा. विमानाच्या पोटात चाकं आत जातात त्या पोकळीत साहेब डोकं घालून उभे होते. मी आरसा त्यांच्या हातात दिला. मिहीर टॉर्च धरून बाजूलाच होता. मला लगेच त्यांनी फडकी आणायला पिटाळलं.

दुपारी फळा तपासला. आरशाची जागा रिकामी. तिथं माझा बिल्ला.

"मी तुम्हाला दिला होता, साहेब."

"मला? आठवत नाही बुवा." मग मिहीरकडे वळले. "तुला आठवतंय?"

मिहीरनं बुटांकडे बघितलं. "लक्ष नव्हतं, सर."

मग माझी बॅग.

आणि मी उघडली की! मुकाट्यानं उघडली. बाबांनीच शिकवलेलं. कारखान्याच्या गेटवर बाबा कुणी न सांगता स्वतःची पिशवी उघडून दाखवतात. "आपण आधी दाखवायची," ते म्हणतात, "म्हणजे कुणी बोलत नाय." लहानपणापासून बघत आले होते. हात आपोआप चेनकडे गेला.

बॅगेत काहीच निघालं नाही. तरी साहेब मला बाजूला घेऊन गेले. आवाज एकदम मऊ.

"हे बघ. पडला असेल कुठंतरी बाहेर, गटारात वगैरे. तसं सांगून टाक. मी नवीन मागवतो, विषय संपला. संध्याकाळचं विमान सुटायचंय. तुला पत्रपण हवंय ना?"

हवं होतं. कसं नको असेल! त्या पत्रासाठीच रोज खडकीहून दोन बस बदलून येत होते. ओठांवर 'हो' आलंच होतं.

तेवढ्यात समोर विमान दिसलं. त्याच्या शिड्या काढत होते.

आणि तळपायाची आग मस्तकात गेली. मी चोर ठरले किंवा वेंधळी ठरले, की आरसा विमानात नाही असं ठरतं. मग शोधायची गरज नाही. मग विमान सुटतं. माझ्या तोंडच्या एका खोट्यावर भरलेलं विमान आकाशात जाणार होतं, आणि या माणसाला ते चालणार होतं. कारण आरसा कुठं आहे यापेक्षा, दोष माझाच आहे याची त्याला जास्त खात्री होती.

"मी बाहेर नेला असता तर विमान सुटलं असतं, साहेब," मी म्हणाले. "मी नेला नाही. म्हणून ते सुटणार नाही."

"हळू बोल."

हळू? मी शेडच्या मधोमध गेले आणि ओरडले, "हत्यार हरवलंय! आरसा! चाकाच्या पोकळीत बघा!"

उड्डाणाआधी विमानाभोवती फिरून तपासणी करत असलेले कॅप्टन जागीच थांबले. "कसला आरसा?" त्यांनी विचारलं. आता साहेबांना झाकता येईना. शिड्या परत लावल्या. मिहीरलाच आत पाठवलं. तो बाहेर आला तेव्हा आरसा त्याच्या हातात होता. तारांच्या मागे एका कडेवर ठेवलेला होता, म्हणाला. पडलेला नाही. ठेवलेला.

सॉरी? कुणी म्हणालं नाही.

"झालं समाधान? चला, कामाला लागा," साहेब म्हणाले. मग माझ्याकडे न बघता, "आवाज फार चढा आहे आपला. उद्यापासून तसदी घेऊ नका."

बाहेर मिहीर माझ्यामागे आला. "सॉरी यार. मलापण पत्र हवंय ना."

"मिळेल तुला," मी म्हणाले. "जा."

घरी बाबांना सगळं सांगितलं. "माफी मागून टाक पोरी," म्हणाले. "आपल्याला शिकायचंय."

"बाबा, तुम्हीपण उद्यापासून गेटवर पिशवी उघडायची नाही. सगळ्यांच्या उघडतील तेव्हा उघडा."

आईनं डबा घासायला घेतला. मी तिला सांगितलं, उद्यापण सुकटच दे.

दुसऱ्या दिवशी गेले. साहेब दारातच भेटले. "सांगितलं होतं ना, यायचं नाही?"

"लेखी द्या," मी म्हणाले. "कारण काय तेपण लिहा."

त्यांनी कागद काढला नाही. मी आत गेले आणि माझा बिल्ला गळ्यात घातला. थोड्या वेळानं विमानाखालून हाक आली, "अगं, पाना आण."

मी जागची हलले नाही.

"फळा तिथं आहे, साहेब. तुमचा बिल्ला टांगा."