स्पीकरनंतर काय येतं?

"हे डबडं एक दिवस भंगारात नेऊन घालते की नाही बघा!" काकू रोज म्हणत, आणि काकांना ते रोज ऐकू येत नसे.

काका छापखान्यात मशीन चालवून निवृत्त झालेले. जन्मभर त्या खडखडाटात उभा राहिलेला माणूस घरी तरी शांत बसेल, असं काकूंना वाटलं होतं. कसली शांतता नि कसलं काय! आधी रेकॉर्ड प्लेअर आला. त्याचा आवाज मेलेला वाटतो म्हणून प्रीअँप आला. "सुईकडून येणारा आवाज फार अशक्त असतो गं," काका समजावत, "प्रीअँप त्याला दोन घास भरवून उभा करतो, मग अँप्लिफायर त्याला दांडगा करतो." दांडगा झाला, तरी समाधान नाहीच. मग इक्वलायझर आला. वर-खाली सरकणाऱ्या पट्ट्यांची ओळ; डावीकडच्या खर्जाच्या, उजवीकडच्या बारीक, वरच्या सुरांच्या. काकांच्या उजवीकडच्या पट्ट्या कायम आभाळाला टेकलेल्या. गाणारी बाई तोंड उघडायची ती पत्र्यावर खिळा ओढल्यासारखी. काकू घरी पडदे शिवायच्या. मशीनवर बसल्या की त्यांच्या दातांतून कळ जायची. मुलगी माहेरी आली की आधी कानांत बोटं घालायची, मग चपला काढायची.

बरं, तेही सोसलं असतं. पण वर ठपका काकूंवरच! "तू हल्ली नीट बोलत नाहीस. तोंडातल्या तोंडात पुटपुटतेस." काही सांगायला जावं तर "आं?", पुन्हा सांगावं तर पुन्हा "आं?", मग नुसती मान हलवायची आणि पट्ट्यांकडे वळायचं. माझा संसार ह्यांच्याशी, नि ह्यांचा त्या डबड्याशी! घरात माणूस असून चार शब्द बोलायला कोणी नाही, हे काकूंना फार लागायचं. शेवटी त्यांनी सांगणंच सोडलं. बोलायचं ते स्वयंपाकघरात, ओट्याशी. तिथे मात्र मनसोक्त, तोंडाला येईल ते.

एका सकाळी काका भाजी आणायला गेले होते. धूळ पुसता पुसता काकूंचं डोकं फिरलं. सगळ्या पट्ट्या त्यांनी मधोमध आणून ठेवल्या. करू देत काय तमाशा करायचा तो! रेकॉर्ड लावली, आणि तीच बाई इतकी गोड गायला लागली, की काकू हातात फडकं घेऊन खुर्चीत बसून राहिल्या.

तेवढ्यात काका आले. "हे काय केलंस? बाईच्या तोंडात बोळा कोंबलाय का?" पिशवी खाली टाकून त्यांनी पट्ट्या वर सारल्या. किंचाळी सुरू झाली. काकांनी डोळे मिटले. चेहऱ्यावर सुख. "हं! आत्ता कशी मोकळी झाली."

भांडायला उघडलेलं तोंड काकूंनी मिटलं. ह्यात ढोंग नव्हतं. ही किंचाळी त्यांना खरंच गोड लागत होती.

कानाच्या डॉक्टरांचं नाव काढताच काका भडकले. "माझ्या कानांना काय धाड भरलीय? मशीनचा एक दाता घसरला तरी मला कळायचं!" रुसले, ताटाकडे पाठ करून बसले. पण काकूही काही कमी नव्हत्या. त्यांच्या पुढ्यात जाऊन उभ्या राहिल्या आणि मोठ्याने विचारलं, "अहो, आवाजातला बिघाड शोधायचा तर सुरुवात कुठून करायची?"

"सुईपासून. मग एकेक बघत पुढे जायचं."

"सुई नवी आणलीत. प्रीअँप बदललात. इक्वलायझर, अँप्लिफायर, वायरी, स्पीकर, सगळं बदलून झालं. स्पीकरनंतर काय येतं?"

काकांचा हात आपसूक कानाकडे गेला.

डॉक्टरीणबाईंनी तपासणीचा कागद पुढे केला. त्यावरची रेघ डावीकडे, खर्जाच्या सुरांना, ठीक होती. उजवीकडे, बारीक सुरांकडे जाता जाता घसरून तळाला गेली होती. छापखान्यातल्या आवाजाने असं होतं, असं त्या समजावू लागल्या. काकांना समजावायची गरज नव्हती. "ही माझीच सेटिंग," ते हळू म्हणाले. "फक्त उलटी धरलेली." काकूंना त्या दिवशी त्यांना चिडवावंसं वाटलं नाही.

कानातलं मशीन आलं तशी नवी कटकट सुरू झाली. नळ केवढा वाजतो! कागद कसा चरचरतो! मग एका संध्याकाळी काका उठले, एकेक पट्टी स्वतःच्या हाताने मधोमध आणली आणि रेकॉर्ड लावून बसले.

काकू सवयीने ओट्याशी बोलत होत्या. "बसले महाराज! आता चहा काय तो स्पीकर करून देणार आहे?"

"मी करतो की," बाहेरून आवाज आला. "आलं घालू का?"

काकूंच्या हातातलं भांडं ओट्यावर आदळलं. किती वर्षांनी ह्या घरात त्यांना एका हाकेला उत्तर मिळालं होतं, आणि तेही हाक न मारता. पदराने डोळे पुसत त्या अगदी हळू पुटपुटल्या, "गेली! आता शिव्या घालायचीही सोय गेली."

"गेलीच," काका म्हणाले, आणि चहा करायला आत आले.