सेहेचाळिसावं पाकीट

बाई पाकीट कधी फाडत नसत. आधी त्यावरचा नंबर रुग्णाला दाखवत, मग कात्रीने कड कापत. कापताना म्हणत, "आत काय हाय ते मला बी ठाव न्हाय आन् डॉक्टरांना बी."

ही सत्तरच्या दशकातली गोष्ट. सोलापूरच्या आमच्या इस्पितळात मी कारकून आणि बाई कॅन्सर वॉर्डाच्या सिस्टर. मुंबईच्या एका मोठ्या इस्पितळाने नवं औषध तपासायला घेतलं होतं, त्यात आमच्यासारखी जिल्ह्याजिल्ह्यांतली इस्पितळं सामील होती. निम्म्या रुग्णांना नुसते विजेचे शेक, म्हणजे रेडिएशन, निम्म्यांना शेक आणि जोडीला औषध. कोणाला काय, हे मुंबईहून आलेल्या बंद पाकिटांत. रुग्ण तयार झाला की क्रमाने पुढचं पाकीट उघडायचं.

बार्शीचे एक व्यापारी बायकोला नवं औषधच मिळावं म्हणून बोरांची करंडी घेऊन आले. बाईंनी बोरं वॉर्डात वाटली. "गोड हायत की! पाकीट मात्र नंबराचंच." तुम्ही त्या व्यापाऱ्याचा चेहरा पाहायला हवा होता.

मग दुधनीहून बाईंची धाकटी बहीणच रुग्ण म्हणून आली. बाईंनी तिला कानडीत सगळं समजावलं, नको असेल तर नको म्हण, हेही सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "अक्का, तू हायस की."

सेहेचाळिसावं पाकीट निघालं. नुसते शेक.

खोलीत आम्ही तिघंच होतो, आणि बहिणीला वाचता येत नव्हतं. मी हळूच पुढचं पाकीट सरकवलं. "हे उघडून बघा, बाई. कोण विचारतंय?"

"आन् हे सेहेचाळीस कुणाच्या बहिणीला देऊ?" नोंद त्यांनीच केली. मला त्यांचा भयंकर राग आला.

दुसऱ्या उन्हाळ्यात बहीण गेली. तो शेवटचा फॉर्मही बाईंनीच भरला.

त्या निवृत्त झाल्यावर मुंबईचं पत्र आलं. ते घेऊन मी त्यांच्या घरी गेलो आणि पाकीट फाडायला लागलो.

"थांबा, कात्री आणते."

मी वाचून दाखवलं. नव्या औषधाचा गुण येतो, आता ते सगळ्यांना द्यायचं. मला वाटलं, बाई रडतील.

"यात सेहेचाळीस नंबर धरलाय न्हवं?"

"धरलाय, बाई."

"मग झालं," म्हणाल्या, आणि पत्राची घडी घालून त्यांनी ते देवापाशी ठेवलं.